एकाच परातीतले परके

परातीत चार गोष्टी होत्या. कलेजीचा तळहाताएवढा तुकडा, अर्धं दिल, एक गुर्दा आणि अख्खी जीभ. चारही बीफच्या, चारही त्याच दिवशी आणलेल्या, आणि खाटकानेही चारही एकाच बाजूला मांडून ठेवलेल्या. माझ्या डोक्यातही त्या एकाच खणात होत्या, ‘आतलं मांस’ नावाच्या. म्हणून मी सगळ्यांचे सारखे तुकडे केले, एकाच पातेल्यात घातले आणि मंद आचेवर तासभर शिजू दिले.

झाकण काढलं तेव्हा कलेजी खडूसारखी झाली होती, दाताखाली तिचा रवा होत होता. दिल चिवट. गुर्द्याचा उग्र वास सगळ्या रश्शात उतरलेला. आणि जिभेवरचं खडबडीत कातडं जसंच्या तसं, सुरीचं टोकसुद्धा आत शिरेना. पातेलं उतरवून मी बराच वेळ त्याच्यासमोर बसून राहिले. मांस ताजं होतं, आच बरोबर होती, मसालाही जमला होता. चार परक्यांना मी एका घरचे समजले होते, चूक तेवढीच होती.

त्यानंतरची बरीच वर्षं मी बीफचा एकेक भाग सुटा आणून शिजवते आहे. एका वेळी एकच, म्हणजे त्याचं त्याचं वागणं कळावं. इतक्या दिवसांत माझं एक मत पक्कं झालं आहे: मांस एकीकडे आणि आतले अवयव दुसरीकडे ही जी वाटणी आपण धरून चालतो, ती चुलीपुढे उपयोगाची नाही. ती कापणाऱ्याची वाटणी आहे. जनावर उभं चिरल्यावर जे दोन अर्धे आकड्याला टांगले जातात ते एका बाजूला, आणि पोटातून-छातीतून जे बाहेर काढलं जातं ते दुसऱ्या. शिजवणाऱ्याने वेगळंच विचारायला हवं. हा भाग जिवंतपणी काय करत होता? ओढत होता, उचलत होता, चघळत होता, की गाळत होता, साठवत होता? हे विचारलं की दिल उठून पायाच्या नळीच्या मांसाशेजारी जाऊन बसतं, आणि कलेजी एकटी उरते.

आधी स्नायूंचं बोलते. स्नायू म्हणजे धाग्यांच्या जुड्या, आणि प्रत्येक जुडीभोवती पांढरट, चिवट वेष्टण. हे वेष्टण मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं असतं. जो स्नायू जास्त राबतो, त्याचं वेष्टण जाड असतं. जनावराचं वय वाढतं तसे त्या कोलॅजनचे आपापसातले बंध घट्ट होत जातात, म्हणून म्हाताऱ्या जनावराची नळी तरण्या जनावराच्या नळीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेते. पाककृतीत लिहिलेला वेळ आणि आपल्या पातेल्यातला वेळ जुळत नाही, त्याचं हे एक मोठं कारण आहे. तुमच्या हाताला गुण नाही असं समजून खट्टू होऊ नका.

सगळ्यात कमी राबलेला स्नायू म्हणजे अंडरकट. पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूला, कमरेपाशी, लांबट निमुळता. जनावर उभं असो की चालत असो, वजन पेलायचं काम त्याच्याकडे नाही. त्यामुळे तो लोण्यासारखा कापला जातो, पाच-सात मिनिटांत तयार होतो, आणि सगळ्यात महाग विकला जातो. पण चवीला? मला विचाराल तर अंडरकट हा बीफचा सगळ्यात गप्प भाग आहे. त्यात चरबी कमी, कोलॅजन कमी, आणि मांसाची जी खोल चव म्हणतो तीही कमीच. ज्या स्नायूने कष्ट केले त्याच्यात प्राणवायू साठवणारं मायोग्लोबिन जास्त असतं, त्याचा रंग गडद असतो आणि चवही तशीच भरलेली. आपण अंडरकटला जो भाव देतो तो त्याच्या मऊपणाचा, म्हणजे खरं तर आपल्या वाचलेल्या वेळाचा.

अंडरकट तव्यावर टाकला की चर्र आवाज येतो. वरून भाजलं की रस आत कोंडला जातो, हा समज युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ च्या सुमारास रूढ केला, आणि तो अजूनही स्वयंपाकघरांतून गेलेला नाही. तो चर्र आवाजच सांगतो की पाणी बाहेर येतं आहे आणि वाफ होऊन जातं आहे. भाजायचं ते रंगासाठी आणि वासासाठी. पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की तो खरपूस वास सुटतो. म्हणून मी तुकडा तव्यावर टाकण्याआधी फडक्याने टिपून अगदी कोरडा करते. ओलं मांस भाजलं जात नाही, ते आपल्याच पाण्यात उकडत राहतं.

आता नळी. मांडीच्या खाली, गुडघ्यापासचा भाग. जनावर दिवसभर ज्याच्यावर उभं असतं तो. याचे आडवे, तीन बोटं जाडीचे तुकडे मी आणले होते, मधोमध हाडाचं वर्तुळ आणि त्यात मज्जा. जेवायला माणसं यायची होती. दीड तास शिजवून एक तुकडा दाबून पाहिला, तर बोटाला रबर लागलं. अजून अर्धा तास शिजवलं, तर आधीपेक्षा घट्ट वाटला. मांसच खराब आलं असं ठरवून मी गॅस बंद केला आणि पाहुण्यांना दुसरं काहीतरी करून वाढलं. दुसऱ्या दिवशी टाकून द्यायला मन होईना म्हणून तेच पातेलं पुन्हा मंद आचेवर चढवलं. आणखी दोन तासांनी मांस हाडापासून आपण होऊन सुटलं होतं. चमच्याने कापता येत होतं. रस्सा ओठांना चिकटत होता.

आत काय घडलं होतं ते मला नंतर समजलं, आणि ते समजल्यापासून मी मध्येच घाबरून आच बंद करणं सोडलं. ५० अंशांच्या पुढे मांसातली प्रथिनं आळायला लागतात. ६० च्या वर कोलॅजनचं वेष्टण आक्रसतं आणि धाग्यांना ओल्या कपड्यासारखं पिळतं. ६५ ते ७० च्या दरम्यान उरलीसुरली प्रथिनंही आळतात आणि पाणी आणखी बाहेर पडतं. म्हणजे या टप्प्यावर मांस कोरडंही असतं आणि चिवटही. बरेच जण नेमके इथेच चव घेऊन पाहतात आणि हार मानतात. पण ७० च्या वर तेच आक्रसलेलं कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन व्हायला लागतं, आणि ते जिलेटिन कोरड्या धाग्यांमध्ये उतरून त्यांना पुन्हा ओलावा देतं. पाणी परत आलेलं नसतं, पण जिभेला तसंच वाटतं. याला तापमानाइतकाच वेळही लागतो. पातेल्यात तीन-चार तास, कधी त्याहून जास्त. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जात असल्याने हेच काम तासाभरात होतं. घाई असेल तर मीही कुकरच लावते. पण त्यात धागे जास्त पिळले जातात आणि मांसाचा आकार राहत नाही, हे माझं निरीक्षण आहे.

नळीच्याच गोतातले आणखी काही भाग आहेत. सीना, म्हणजे छातीचा पुढचा भाग. गायी-म्हशींना माणसासारखं गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला नुसते स्नायूंनी बांधलेले असतात, आणि शरीराचं जवळजवळ ६० टक्के वजन त्या पुढच्या पायांवर असतं. ते सगळं सावरायचं काम छातीचे स्नायू करतात. सीना हातात घेतला की तो जड, दाट, लांब रेषांचा लागतो, तो यामुळे. गाल तर याहून राबलेला. दिवसातले सात-आठ तास जनावर रवंथ करतं, आणि त्याशिवाय चरताना चावणं वेगळं. गालाचा कच्चा तुकडा पाहिला तर त्यात पांढऱ्या शिरांचं जाळं दिसतं, कोणीही नाक मुरडेल असं. चार तासांनी त्याच जागी रेशीम असतं. शेपटीत हाड, कूर्चा आणि कोलॅजन इतकं की रस्सा गार झाल्यावर थरथरणारी वडी होते. या तिघांत एकच निवड म्हटलं तर मी गाल निवडेन, बिनदिक्कत.

मात्र ‘जास्त शिजवलं की मऊ होतंच’ हाही नियम नाही, आणि याने मला एकदा चांगलंच फसवलं. मागच्या मांडीत एक गोल, लांबट, दिसायला अगदी अंडरकटसारखा स्नायू असतो. देखणा, चरबीचा ठिपका नाही. मी तो सीन्यासारखा चार तास शिजवला. तो मऊ झाला नाही, सुटा झाला. धागे वेगळे झाले, पण प्रत्येक धागा कापसासारखा कोरडा. त्यात विरघळण्याइतकं कोलॅजन नव्हतं आणि ओलावा द्यायला चरबीही नव्हती. असा तुकडा ५५-६० अंशांपर्यंतच नेऊन, थोडा वेळ तसाच ठेवून, कागदासारखा पातळ कापावा. नुसतं राबणं पुरेसं नाही, कसं राबणं हेही पाहावं लागतं.

याच्या उलट आश्चर्य खांद्यात दडलेलं आहे. खांदा म्हणजे सगळा रश्शाचा, खिम्याचा भाग अशी समजूत. २००० सालच्या आसपास अमेरिकेतल्या नेब्रास्का आणि फ्लोरिडा विद्यापीठांत खांद्यातले आणि मागच्या मांडीतले स्नायू सुटे करून एकेकाचा मऊपणा मोजला गेला. तेव्हा फऱ्यावरचा एक चपटा स्नायू अंडरकटच्या खालोखाल मऊ निघाला. तोवर तो बाकीच्यांबरोबर खिम्यात जात होता, कारण त्याच्या मधोमध चिवट पडद्याचा एक थर आहे. तो पडदा सुरीने सोलून काढला की दोन पातळ, चवदार पट्ट्या मिळतात. मी तो पडदा पहिल्यांदा काढला तेव्हा निम्मं मांस पडद्यालाच राहिलं. मला कापायला शिकवणारे माझ्या शेजारीच उभे होते. “ताई, सुरी आडवी धरा आणि पडदा ओढा. सुरी ओढू नका.” दुसऱ्या वेळी पडदा एका लांब पट्टीसारखा निघून हातात आला, स्वच्छ, काचेसारखा चमकणारा.

खिम्याबद्दल एवढंच सांगते की मान आणि खांदा सगळ्यात चांगले, पाचवा हिस्सा चरबी असू द्यावी, आणि खिमा अर्धाकच्चा ठेवू नये. अख्ख्या तुकड्यावर जंतू असले तर ते वरच्या भागावर असतात आणि भाजताना मरतात. खिमा करताना तेच जंतू सगळीकडे मिसळले जातात, म्हणून तो आतपर्यंत ७१ अंशांना पोचायला हवा.

आता पडद्याकडे येते, म्हणजे श्वासपटलाकडे. छाती आणि पोट यांच्यामधला हा स्नायू. काही ठिकाणी तो मांसात मोजतात, काही ठिकाणी आतल्या अवयवांत, आणि या गोंधळातच माझं म्हणणं सिद्ध होतं. तो आहे स्नायूच. जन्मापासून अखेरपर्यंत एक श्वासही न चुकवलेला. त्याच्या कडेच्या लांब पट्ट्या असतात, आणि मधला एक लोंबणारा जाड तुकडा, प्रत्येक जनावरात एकच. रंग गडद, वास किंचित कलेजीकडे झुकलेला. त्याच्या रेषा इतक्या ठसठशीत असतात की डोळे मिटून बोटाने मोजता येतील. खूप तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं, थोडी विश्रांती, आणि मग रेषांना आडवं कापायचं. रेषेच्या दिशेने कापलं तर प्रत्येक घासात चार-चार बोटांचे धागे दातांनी तोडावे लागतात. आडवं कापलं की ते काम सुरीने आधीच केलेलं असतं. एकाच तुकड्याचे अर्धे काप उभे आणि अर्धे आडवे करून मी घरात वाढून पाहिले आहेत. खाणाऱ्यांना ती दोन वेगळी मांसं वाटली.

दिलही तसंच, नुसता स्नायू. कधीही न थांबलेला. ते ‘आतलं’ म्हणून लोक बिचकतात, पण चव डोळे बांधून दिली तर बहुतेक जण चांगलं, चरबी नसलेलं मांस म्हणतील. धागे बारीक आणि दाट, त्यामुळे चावताना एक छान ठाम दाब लागतो. वरची चरबी, आतल्या झडपा आणि त्यांना धरणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या काढून टाकाव्या लागतात. मी दिल उघडते तेव्हा प्रत्येक वेळी त्या दोऱ्यांपाशी थांबते. सुतासारख्या बारीक, आणि ओढून पाहिल्या तर तुटत नाहीत. जनावर जगलं तोवर प्रत्येक ठोक्याला झडपा उलटू न देणं हे त्यांचं काम होतं. दिलाला दोनच वाटा आहेत. बोटभर रुंद पट्ट्या करून तीन मिनिटांत तव्यावरून उतरवा, नाहीतर तीन तास द्या. मधला तासभराचा वेळ, जो मी त्या पहिल्या दिवशी दिला होता, तो सगळ्यात वाईट.

जीभही स्नायूच, पण चरबीने भरलेली. दीड किलोच्या आसपास वजन. टोकाकडे कमी चरबी आणि मुळाकडे जास्त. ती अख्खीच शिजवावी.

कलेजीपाशी आलं की हे सगळं शिकलेलं बाजूला ठेवावं लागतं. तिच्यात धागे नाहीत, ओढण्याचं काम तिने कधी केलं नाही. ती पेशींची मऊ, ओली वीट आहे. वेष्टण जवळजवळ नाहीच, त्यामुळे जास्त शिजवून विरघळायला काही नाही. उष्णता फक्त तिच्यातलं पाणी काढत जाते आणि मागे रवा उरतो. वरचा पातळ पापुद्रा नखाने सुटा करून ओढून काढायचा, नाहीतर तव्यावर तो आक्रसतो आणि काप वाटीसारखा वळतो. आतल्या नळ्या कापून टाकायच्या. अर्ध्या बोटाचे काप, तापलेला तवा, एकेका बाजूला जेमतेम दीड-दोन मिनिटं. मधला भाग लालसर राहू द्यायचा नाही, पण त्याची गुलाबी झाक अगदी जाता जाताच कलेजी तव्यावरून उतरवायची. तो क्षण पकडायला मला वर्ष लागलं असेल. दुधात तासभर भिजवली तर तिचा कडवटपणा उतरतो.

कलेजीबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. तिच्यात लोह आणि बी-१२ भरपूर, हे सगळे सांगतात. पण १०० ग्रॅम बीफच्या कलेजीत ‘अ’ जीवनसत्त्व ५,००० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज ७०० ते ९०० ची. गरोदरपणात इतकं ‘अ’ जीवनसत्त्व गर्भाला अपाय करू शकतं, म्हणून त्या काळात कलेजी टाळायला सांगतात. ‘अंगात रक्त भरेल’ म्हणून गरोदर बाईला आग्रहाने कलेजी वाढली जाते तेव्हा माझा जीव वरखाली होतो. वाढणाऱ्याची माया खरी असते, म्हणून तर आणखीच.

गुर्दा गाळणारा. बीफचा गुर्दा द्राक्षांच्या घोसासारखा, वीसेक फुगीर खंडांचा असतो, बकऱ्याच्या गुळगुळीत गुर्द्यासारखा नाही. त्याचा वास सगळा मधल्या पांढऱ्या गाभ्यातून येतो. कात्रीने तो गाभा संपूर्ण काढला, मिठाच्या पाण्यात ठेवून दोनदा पाणी बदललं, तर वास निम्म्याहून कमी होतो. तरी गुर्दा आवडायला सवय लागते, हे मान्य करते. त्याच्याभोवतीची चरबी मात्र सोनं आहे. घट्ट, पांढरी, हाताने कुस्करली तर भुगा होणारी. अंगावरच्या चरबीपेक्षा ती उशिरा वितळते आणि तळायला उत्तम.

वजडीत पुन्हा कोलॅजनच. जनावराच्या पोटाचे चार कप्पे आणि प्रत्येकाचं पोत वेगळं: पहिला टॉवेलसारखा, दुसरा मधाच्या पोळ्यासारखा, तिसरा वहीच्या पानांसारखा, चौथा गुळगुळीत. रस्सा धरून ठेवायचा तर पोळ्यासारखी घ्या. प्रत्येक षट्कोनात थेंब अडकून बसतो.

भेजा मी आता शिजवत नाही. १९८६ साली ब्रिटनमध्ये गुरांचा ‘मॅड काऊ’ रोग ओळखला गेला आणि १९९६ मध्ये माणसांतल्या एका जीवघेण्या मेंदूविकाराशी त्याचा संबंध जाहीर झाला. तो पसरवणारं बिघडलेलं प्रथिन मेंदूत आणि मज्जारज्जूत साठतं आणि शिजवून नष्ट होत नाही. त्यानंतर अनेक देशांनी नियम कडक केले आणि रोग खूप आटोक्यात आला. तरी माझा हात मागेच राहतो.

आणखी एका बाबतीत हे परके वेगळे. स्नायूचं मांस थंडाव्यात दोन-तीन आठवडे टांगून ठेवलं तर त्यातलीच विकरं धागे सैल करत जातात आणि चव वाढते. कलेजी-गुर्द्याला असं थांबणं मानवत नाही. आणला त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. कलेजी घेताना मी कापलेली कड पाहते: ती ओलसर, चमकदार आणि टोकदार असायला हवी. कड गोलावून आली असेल, बोट लावल्यावर बुळबुळीत लागत असेल, तर परत ठेवते.

परात अजूनही तीच आहे. मागच्या आठवड्यात पुन्हा तीच चार जणं तिच्यात होती. सकाळी आधी जीभ चढवली, अख्खी, नुसत्या मिठाच्या पाण्यात. तासाभराने दुसऱ्या पातेल्यात दिलाचा निम्मा भाग, मंद आचेवर. गुर्दा गाभा काढून मिठाच्या पाण्यात, कलेजी दुधात. तीन तासांनी जीभ काढली. कातडं ती गरम असतानाच सोलावं लागतं, गार झाली की ते परत धरून बसतं. वाटीत गार पाणी घेऊन, बोटं बुडवत, मुळाकडून सुरुवात केली. खडबडीत पांढरं कातडं मोज्यासारखं उलटत टोकापर्यंत आलं, आणि खाली गुलाबी, गुळगुळीत मांस वाफाळत होतं. मग दिलाच्या उरलेल्या पट्ट्या तव्यावर, त्यानंतर गुर्दा, आणि सगळे पानावर बसल्यावर, अगदी शेवटी, कलेजी.